ठाण्यात एक संध्याकाळ माईकविना

संपादक महोदय,

ठाण्यात ‘ऑपेरा’, म्हणजे युरोपचे संगीत नाटक, म्हटले की समोरच्याला गाणे आठवत नाही, चर्नी रोडजवळचा हिरे बाजाराचा नाका आठवतो. ज्या वास्तूवरून त्या नाक्याला नाव पडले, ते रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून दोन दशकांहून अधिक काळ बंद होते. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडले, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ तेथे गायल्या. इतक्या जवळ हे घडले, तरी संगीत नाटकावर जीव टाकणाऱ्या आपल्या शहरात इटालियन ऑपेरातले एखादे पद कुणी रंगमंचावरून ऐकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. याचे नवल अशासाठी वाटते की, या प्रकाराला मराठी प्रेक्षकाइतका आधीच तयार झालेला प्रेक्षक शोधून सापडणार नाही.

वन्समोअरचेच घ्या. नाट्यपद रंगले की ते पुन्हा म्हणवून घेणे हा आपण आपला हक्क समजतो. मिलानच्या ‘ला स्काला’ या १७७८ साली उघडलेल्या नाट्यगृहातही एके काळी हाच रिवाज होता. पुढे शिस्तीच्या नावाखाली तो मोडला आणि १९३३ नंतर तिथे एकाही एकल गायकाने पद दुसऱ्यांदा म्हटले नाही. अखेर २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस या पेरूच्या टेनरने (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाने) दोनिझेत्ती या संगीतकाराच्या एका ऑपेरात नऊ वेळा तार सप्तकातला ‘सी’ हा स्वर लावायला लावणारे पद असे काही म्हटले की प्रेक्षक थांबेनात आणि त्याला ते पुन्हा म्हणावे लागले. चौऱ्याहत्तर वर्षांनी मिळालेल्या त्या वन्समोअरची बातमी जगभर झाली. आपल्याकडे ती रविवार दुपारच्या प्रयोगातली नेहमीची गोष्ट आहे.

नापसंतीतही आपले नाते जुळते. ‘ला स्काला’च्या सर्वांत वरच्या सज्जात बसणारे जाणकार गायकाला क्षमा करत नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये व्हेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेरातले पहिलेच मोठे पद संपताच त्यांनी हुर्यो केली, तेव्हा रॉबेर्तो अलान्या हा नामवंत टेनर प्रेक्षकांना हात करून सरळ विंगेत निघून गेला. पलीकडची गायिका गातच होती. बदली गायक आंतोनेल्लो पालोंबी याला राजवाड्यातल्या त्या प्रवेशात अंगावरच्या जीन्ससह ढकलण्यात आले आणि प्रयोग पुढे चालू राहिला. आयत्या वेळी बदली नट उभा करून प्रयोग निभावून नेल्याच्या कथा आपल्या नाटक मंडळींकडे कमी नाहीत.

परंतु माझ्या पत्राचा मुद्दा आवाजाचा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रेक्षागृहात सुमारे ३,८०० आसने आहेत, पुढ्यात भरगच्च वाद्यवृंद असतो आणि गायकाचा आवाज त्यावरून तरून शेवटच्या रांगेपर्यंत ध्वनिवर्धकाच्या मदतीशिवाय जातो. यात जादू नाही. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंदबेर्ग यांनी दाखवून दिले आहे की वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असतो आणि तिथून वर तो उतरत जातो, तर घडवलेल्या गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या सुमारास एक वेगळा उंचवटा तयार होतो. वाद्ये जिथे दुबळी, नेमका तिथेच गळा बळकट, आणि माणसाचा कानही त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट. स्वरयंत्र खाली ठेवून, श्वासावर ताबा मिळवून हा उंचवटा कमवायला वर्षानुवर्षे घासावे लागते. ऑपेरा म्हणजे किंचाळणे असे हसून म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढे ध्यानात घ्यावे की नुसत्या किंचाळण्याने वाद्यवृंद पार होत नाही, घसा तेवढा बसतो.

आपली जुनी पिढीही असेच गात होती. १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’त बालगंधर्व आणि केशवराव भोसले समोरासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या गळ्यापाशी कोणतेही यंत्र नव्हते. येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात एन्रिको कारुसो या तरुण टेनरची दहा पदे ध्वनिमुद्रित केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनीच कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. विजेचा माईक यायला तेव्हा अजून वीसेक वर्षे होती. दोघांनाही पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागले आणि दोघांचेही आवाज टिकले.

आज आमच्या ठाण्यात काय ऐकू येते? गेल्या वर्षी एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला मी सहकुटुंब तिसऱ्या रांगेत होतो. नायिकेच्या पदरामागे दडवलेला माईक शालूच्या जरीला घासत होता आणि प्रत्येक तानेबरोबर खर्र खर्र असा तिसराच सूर लागत होता. ऑर्गनला माईक, तबल्याला माईक, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. मध्यंतरात आवाज कमी करण्याची विनंती केली, तेव्हा मागच्यांना ऐकू जात नाही असे उत्तर मिळाले. मागच्यांना विचारले, तर तेही कानांवर हात ठेवून बसले होते. त्या मुलीचा गळा गोड असावा असे वाटते. खात्रीने सांगता येत नाही, कारण तो आम्ही ऐकलाच नाही.

दुसरी अडचण भाषेची. काही वर्षांपूर्वी नरिमन पॉइंटला पडद्यावर दाखवलेला ‘ला त्राव्हियाता’ पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. खालची इंग्रजी वाक्ये भराभर सरकत होती, मी पत्नीच्या कानात मराठीत सांगत होतो आणि शेजारचे गृहस्थ शुक् शुक् करत होते. शेवटच्या अंकात मात्र मी गप्प बसलो. क्षयाने खंगलेली नायिका व्हायोलेत्ता प्रियकराच्या वडिलांचे पत्र वाचते. ते ती गात नाही, साध्या बोलीत वाचते, आणि मागे एकटे व्हायोलिन पहिल्या अंकातली प्रेमाची धून हळूच वाजवत राहते. “एवढी गाणारी बाई, पण पत्र साधंच वाचलं, हे बरं केलं,” असे सौभाग्यवती परतीच्या लोकलमध्ये म्हणाल्या. गद्य कुठे थांबावे आणि पद कुठे सुरू व्हावे याची पारख त्यांना संगीत नाटकानेच दिली आहे. १८५३ साली व्हेनिसमध्ये हाच ऑपेरा पहिल्या रात्री कोसळला होता. क्षयाने मरणारी नायिका अंगाने चांगली भरलेली होती, याचे प्रेक्षकांना हसू आले, हे त्याचे एक कारण. पुढच्याच वर्षी त्याच शहरात दुसऱ्या नाट्यगृहात तो उचलून धरला गेला.

आता मागणी. गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह ही दोन्ही महापालिकेची आहेत. त्यांपैकी एकात, आठवड्यातल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी, केवळ पियानोच्या साथीवर ऑपेराच्या पदांचा कार्यक्रम ठेवावा. संपूर्ण ऑपेरा उभा करणे खर्चाचे काम आहे आणि ते मी मागत नाही. एक सोप्रानो, एक टेनर, एक बॅरिटोन (मध्यम पट्टीचा पुरुष गायक) आणि एक वादक पुरेत. पॅट्रिशिया रोझारिओ आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप यांनी भारतातल्या तरुण गायकांना शिकवण्याचे काम केले आहे. तेव्हा गाणारे मिळणारच नाहीत, ही सबब नको. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधला पहिल्या अंकाचा शेवट घ्यावा: विझलेली मेणबत्ती, अंधारात हरवलेली किल्ली आणि ती शोधताना हाताला लागलेला थंडगार हात. रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर त्याचे मराठी भाषांतर दाखवावे. टोरांटोच्या ऑपेरा मंडळींनी १९८३ साली ही युक्ती आणली आणि आज ती जगभर रुळली आहे. आपल्याला फार तर एक प्रोजेक्टर आणि एक चांगला भाषांतरकार लागेल.

उत्तरार्धात त्याच मंचावर आपल्या गायकांनी ऑर्गन आणि तबल्यावर नाट्यपदे म्हणावीत, तीही माईकविना. आपली नाट्यगृहे त्यासाठी बांधलेली नाहीत, वातानुकूलन यंत्रणेची घरघर आड येईल, असे आक्षेप येतील आणि त्यांत तथ्यही असू शकेल. ते प्रयोग करूनच ठरवावे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाने हा मान आधी पटकावला, तरी आम्ही ठाणेकर खाडी ओलांडून येऊ. मला तिकीट मात्र बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतलेच हवे आहे. आवाज तिथवर पोहोचला नाही, तर तसे पत्र याच सदरासाठी धाडीन.

आपला,
एक नाट्यरसिक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)