आपली टेकडी

नाशिक
५ जानेवारी

प्रिय सुध्या,

पत्राला फार उशीर केला, रागावू नकोस. तब्येत ठीक आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, चालायचंच.

टेकडी जळाली रे. चामरलेण्याच्या अलीकडची, आपली. एकतीस डिसेंबरला, बारा वाजून गेल्यावर, विन्याच्या फार्महाउसवरून सुटलेल्या रॉकेटनं. मी गच्चीवरून पाहिलं. वर फुटलं, त्याच्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या आणि धुमसती नळी थेट कुसळीत पडली. आधी नुसता धूर दिसला, मग वारा सुटला. चढावर आग कशी पळते ते तुला ठाऊक आहे, खालची ज्वाळा वरचं गवत आधीच तापवत जाते. वनरक्षक, पाड्यावरची पोरं आणि मी निरगुडीच्या ओल्या डहाळ्यांनी जळल्या बाजूकडून झोडपत राहिलो. शेवटी पहाटे विझली.

कॅनमधून पाणी नेऊन जगवलेले आपटे, अंजन गेले. पळस आणि करवंदी पुन्हा फुटतील. तुझं ते परदेशी झाड, गिरिपुष्प, तेही फुटेल आणि तू म्हणशील, "बघ, मी सांगत होतो!" मुळीच नाही. ते इथं लावावं की नाही, त्या भांडणात मी अजून माघार घेतलेली नाही.

विन्या म्हणतो, "थंडीत कुठं वणवा लागतो?" इथं बहुतेकांना तसंच वाटतं. वणव्याचा हंगाम धरतात १५ फेब्रुवारीपासून, जाळरेषांची, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेल्या पट्ट्यांची, कामंही त्याच बेतानं चालतात. पण मुरमाड उतारावरचं गवत डिसेंबरातच वाळून कोळ झालेलं असतं. म्हणजे गावभर रॉकेटं उडतात त्या रात्री डोंगर उघडाच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये या रात्रीसाठी ११.५५ ते १२.३० अशी वेळ दिली, ती प्रदूषणाच्या खटल्यात. विन्या तेच धरून बसलाय, "मी वेळेतच उडवलं." अरे, पण वाळल्या गवताला वेळेचं काय!

ओरेगॉनला गेल्यावर तूच कळवलं होतंस ना, २०१७ मध्ये ईगल क्रीकला पंधरा वर्षांच्या पोरानं फटाका टाकला आणि जवळजवळ ५० हजार एकर जळालं? तेव्हा विन्या म्हणाला होता, "अमेरिकेत सगळंच मोठं असतं." आपण तिघंही हसलो होतो.

आता वनरक्षक विचारतोय, कोणी उडवलं? राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. मी खोटं बोलणार नाही. पण विन्याचं नाव माझ्या तोंडून जाण्याआधी त्यानं स्वतः जाऊन सांगावं, एवढंच मला हवंय. झाडांसाठी खड्डे खणताना तोही होता रे. आणि पुढच्या दिवाळीच्या आत कुंपणालगतचा रुंद पट्टा गवत कापून मोकळा करावा, पाण्याची पिंपं भरून ठेवावीत, पाहुण्यांना रॉकेट आणि उडते कंदील साफ बंद. भुईचक्रं, पाऊस अंगणात लावा की, मीही येतो.

मीराची परीक्षा कशी गेली? नवीन घरात हीटर नीट चालतो ना? वहिनींना नमस्कार.

माझं तो ऐकत नाही, मी बोललो की भांडणच होतं. तुझं ऐकतो. त्याला फोन कर. इथल्या रात्री आठला तो घरी असतो, तुझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा होतील. वनरक्षक सोमवारी पुन्हा येणार आहे, त्याच्या आत कर.

तुझा,
बाळ्या