‘दिशादर्शक’ पंखांविषयी

प्रिय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात छोट्या क्षेपणास्त्रांवर अर्धं पान लेख आला होता, तो दोनदा वाचला. पल्ला, वेग, स्फोटकाचं वजन, लक्ष्य हेरणारा ‘डोळा’, सगळं आलं. आकृतीत शेपटीच्या चार पंखांकडे मात्र एकच बाण आणि शब्द ‘दिशादर्शक पंख’. पंख दिशा दाखवत नाहीत हो, वळवतात. दिशा दाखवायला पुढे डोळा आहे, गणित करायला मध्ये संगणक आहे. पण वाऱ्याशी प्रत्यक्ष झटापट करून तो पंख फिरवणारी यंत्रणा, म्हणजे मोटार, गिअर आणि दांडा मिळून झालेला अ‍ॅक्च्युएटर, तिला लेखात एक ओळही मिळाली नाही.

माझी सगळी नोकरी असल्याच, हातात मावतील एवढ्या अ‍ॅक्च्युएटरच्या तपासणीत गेली, म्हणून हे मनाला लागलं.

लेखात म्हटलंय की मोठ्या क्षेपणास्त्रातली यंत्रणा ‘लहान करून’ बसवली जाते. तसं होत नाही. शेपटीत मधोमध रॉकेटची नळी असते, तीही तापलेली. तिच्या आणि बाहेरच्या कवचाच्या मधल्या बांगडीएवढ्या जागेत चार मोटारी, त्यांचे गिअर आणि वायरी बसवायच्या. क्षेपणास्त्र निम्म्या जाडीचं झालं म्हणून बेअरिंग, कनेक्टर आणि जोडणाऱ्याची बोटं निम्मी होत नाहीत. गिअरच्या दात्यांमधली ढिलाई, म्हणजे ‘प्ले’, तीही नाही. एक दशांश मिलिमीटरचा प्ले १०० मिमी लांबीच्या दांड्यावर कुणाला जाणवणार नाही. तोच १० मिमीच्या दांड्यावर अर्ध्या अंशाहून जास्त होतो. मग संगणक एक सांगतो, पंख थरथरत दुसरंच करतो.

त्यात पंखावरचा वाऱ्याचा जोर एका जागी राहत नाही. ध्वनीपेक्षा कमी वेगात तो पंखाच्या पुढच्या भागात असतो, वेग ध्वनीच्या पलीकडे गेला की मध्याकडे सरकतो. पंख ज्या खुंटीवर फिरतो ती नेमकी कुठे ठेवायची? एका वेगाला सोयीची जागा दुसऱ्या वेगाला मोटारीचा जीव काढते.

मोटारच नको, असंही काहींनी करून पाहिलं, आणि मला यातलीच माणसं जास्त आवडतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चायना लेक इथे ‘साइडवाइंडर’ या विमानातून विमानावर सोडायच्या अमेरिकी क्षेपणास्त्रावर काम सुरू केलं. पुढचे पंख हलवायला त्यांनी गरम वायूचा दाब वापरला. पंख किती अंश वळवायचा हे सांगण्याऐवजी किती जोर लावायचा एवढंच सांगायचं, अशी युक्ती केली. हवा दाट असेल तर पंख आपसूक कमी वळणार, विरळ असेल तर जास्त. उंची मोजायला नको, वेग मोजायला नको. मागच्या पंखांच्या टोकांना त्यांनी खाचा पाडलेली छोटी चाकं लावली. वाऱ्याने ती भोवऱ्यासारखी गरगरतात आणि क्षेपणास्त्राला स्वतःभोवती लोळू देत नाहीत. या चाकांना ना वीज लागते ना वायर. सप्टेंबर १९५३ मध्ये या अस्त्राने पहिल्यांदा लक्ष्य टिपलं. खांद्यावरून विमानावर डागायच्या ‘रेडआय’मध्ये उलटा विचार केला: लोळतंय तर लोळू दे, मग हलणाऱ्या पंखांची एकच जोडी पुरते. ‘ड्रॅगन’ या रणगाडाविरोधी अस्त्राला तर हलणारे पंखच नव्हते. अंगावर बसवलेली ६० इवलीशी रॉकेटं जोडीजोडीने फोडून त्याला ढकलत नेत.

यातलं एकही ‘मोठ्याचं लहान’ केलेलं नाही.

आता एक माझा अनुभव. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. एक नमुना सगळ्या चाचण्यांत उत्तम चालला होता. थंडीच्या कपाटात रात्रभर ठेवून सकाळी चालवला, तर पंख उशिरा उठायला लागला. डिझाइनवाल्यांनी मोटार बदलली, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सर्किट. तीन आठवडे एकमेकांवर ढकलाढकली. शेवटी आमच्यातल्या एका जुन्या फिटरने गिअरबॉक्स उघडला आणि बोट फिरवून म्हणाला, “साहेब, ग्रीस जास्त भरलंय.” थंडीत ते घट्ट होऊन बसलं होतं. त्यानंतर आम्ही ग्रीस वजन करून भरायला लागलो. ही यंत्रणा वर्षानुवर्षं पेटीत पडून राहते आणि एक दिवस काही सेकंदांसाठी, तीही पहिल्याच हाकेला, चालावी लागते. मधे कुणी तेलपाणी करत नाही. वीज पुरवणारी थर्मल बॅटरीही त्याच जातीची: तिच्यातला क्षार वितळेपर्यंत ती निर्जीव असते.

छोट्या भागाची किंमत काय असते हे आपल्याकडे ठाऊक नाही असंही नाही. आपलं उपग्रह सोडणारं रॉकेट एसएलव्ही-३ काही क्षेपणास्त्र नव्हे आणि छोटं तर नव्हेच. पण १० ऑगस्ट १९७९ च्या पहिल्या उड्डाणात दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप बिघडली आणि अख्खं रॉकेट ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात गेलं.

विनंती दोनच. आकृतीतला शब्द दुरुस्त करावा. ‘सुकाणू पंख’ म्हणा, नावाड्यालाही कळेल. आणि पुढच्या वेळी ‘पूर्णतः स्वदेशी’ असं छापण्याआधी आपल्या वार्ताहराने त्या छोट्या मोटारीतले चुंबक आणि बेअरिंग कुठून येतात, एवढं विचारावं. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. त्या यादीत समेरियम आहे, आणि तापलेल्या जागेत टिकणारे चुंबक त्याचेच करतात. उत्तर मिळालं तर अवश्य छापा. मी अंक जपून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त तपासनीस