निधन वार्तेत तिचं माहेरचं नाव पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातली निधन वार्ता मी रोज वाचते. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी पाच बायकांच्या बातम्या होत्या, पश्चात मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार, रक्षाविसर्जन कधी आणि कुठं, सगळं व्यवस्थित छापलेलं, पण पाचातल्या एकीचंही माहेर कुठलं आणि तिथं तिचं नाव काय होतं ते नव्हतं. त्यावर मी चार दिवस विचार करत होते आणि आज लिहायला बसले.

हे आताच का डोक्यात आलं ते सांगते. माझा पुतण्या कॅनडात मॉन्ट्रियलला असतो, त्याची बायको तिथलीच, क्युबेकची, घरात फ्रेंच बोलणारी. यंदा गणपतीला दोघं बेळगावला आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडून मला म्हणाली काकू, हे आमचं फॅमिली ट्री बघा. बघते तर काय, बाप, आजा, पणजा आहेतच पण प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या बायकोचं नाव आहे आणि ते पण तिच्या माहेरच्या आडनावासकट. असं करत करत ती चारशे वर्ष मागं गेली आणि सगळ्यात वर एका बाईपाशी थांबली, मारी रोले. तिकडच्या खूप घरांची वंशावळ ह्याच बाईपाशी जाते म्हणे.

ही मारी रोले पॅरिसची. नवरा लुई एबेर औषधं बनवणारा. 1617 मध्ये पॅरिसमधलं घर विकून तीन पोरं घेऊन ही दोघं बोटीनं क्युबेकला गेली, जिथं शांप्लेन नावाच्या माणसानं 1608 ला फ्रेंचांचं ठाणं घातलं होतं. तिथं तेव्हा मोजकीच माणसं, ती पण बहुतेक कंपनीची, केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी आलेली. आणि ज्या कंपनीनं बोलावलं तिनंच घर विकून झाल्यावर बंदरात बोटीत चढायच्या वेळी ठरलेला पगार कमी केला. मागं फिरायला घर राहिलं नव्हतं, गेली तशीच. जंगल तोडून जमीन केली ती कुदळ-फावड्यानं, नांगर नव्हताच. थोरली मुलगी लग्न होऊन बाळंतपणात गेली. 1627 च्या जानेवारीत नवरा बर्फावर घसरून पडला आणि त्यातच गेला, आणि बैलाचा नांगर त्या जमिनीत पहिल्यांदा चालला तो त्याच्या पुढच्या वर्षी, 1628 ला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून कसं वाटतं ते मी वेगळं सांगायला नको.

पुढं 1629 मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं, बहुतेक फ्रेंच बोटीत बसून परत गेले, हिचं घर मात्र तिथंच राहिलं, 1632 मध्ये फ्रेंच परत येईपर्यंत. तिनं दुसरं लग्न केलं, तिथल्या आदिवासींच्या पोरींना घरात ठेवून शिकवलं, 1649 मध्ये वारली. तिच्या पोटच्या गियमेत नावाच्या मुलीला दहा मुलं झाली, त्यांच्यापासनं पुढचा बहुतेक विस्तार. नंतर 1663 ते 1673 ह्या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजानं साधारण आठशे मुली लग्नासाठी तिकडं पाठवल्या, पुष्कळ जणी अनाथ, गरीब, बरोबर कंगवा, कात्री, सुया, टाचण्या असलं सामान. त्या आठशे जणींची पण नावं आहेत! कारण चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू लिहिताना बाईला तिच्या जन्माच्या नावानंच लिहायची पद्धत होती. आणि 1981 पासून तर क्युबेकमध्ये कायदाच आहे, लग्नानंतर बाईचं नाव तेच राहणार.

मी हे त्यांचं सगळं गोड म्हणून सांगत नाहीये. जमीन तिथल्या मूळ लोकांची होती. आणि गियमेतच्याच घरात एक आफ्रिकेतला पोरगा होता, सहा-सात वर्षांचा असताना इंग्रजांनी आणून विकलेला. त्याचं ऑलिव्हिये हे नाव बाप्तिस्म्याचं आणि ल जून हे आडनाव त्याला शिकवणाऱ्या पाद्र्याचं. 1654 मध्ये वारला त्याची नोंद आहे. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव मात्र कुठंच नाही. सूनबाईनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला आणि मला एकदम तांदळाचं ताट आठवलं.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं. सगळ्यांना साखर वाटली. मग सासूबाईंनी हात फिरवून तांदूळ एक केले आणि डब्यात परत ओतले. आई मला शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारायची, ती 2009 मध्ये गेली आणि त्यानंतर मला त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. विकत आणलेल्या पोराशी माझी बरोबरी नाही हे मला कळतं, माझं लाड-कौतुक झालं, पण नाव पुसलं जातं म्हंजे काय ते मला ठाऊक आहे.

आमच्या गावाकडं, खानापूर तालुक्यात, दोन-चार वर्षांनी हेळवी येतात, घराण्यांच्या वंशावळी सांगणारे. पूर्वी बैलावर बसून यायचे. ओट्यावर बसून चोपडी उघडतात आणि अर्धं कन्नड अर्धं मराठी असं घराण्याचं सगळं वाचतात, आपण सुपातनं भात घालायचं आणि पैसे द्यायचे. त्या लोकांचे उपकार आहेत आपल्यावर, नाहीतर आपल्याला पणज्याच्या मागचं काय माहीत होतं? पण गेल्या खेपेला मी कान देऊन ऐकलं तर याचा मुलगा तो आणि त्याचा मुलगा हा, एवढंच. जमिनीच्या वारसासाठी वंशावळ काढली त्यात पण मागच्या पिढ्यांच्या बायका नाहीत. महाराष्ट्रात आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव घालायचा नियम झालाय, चांगलंच आहे, पण जी आई, आजी, पणजी होऊन गेली तिचं काय?

त्या क्युबेकची एक गोष्ट मला फार धीर देणारी वाटली. 1640 मध्ये तिथलं चर्च जळालं आणि त्यात सगळी रजिस्टरं जळाली. मग त्या लोकांनी काय केलं तर एकमेकांना विचारून, कुणाचं लग्न कधी, कुणाचं पोर कधी, असं आठवणीतून सगळं परत लिहून काढलं. म्हंजे आज जे कॉम्प्युटरवर दिसतंय त्यातला सुरुवातीचा भाग लोकांना विचारूनच लिहिलेला आहे. मग आपल्याला का नाही जमणार? आपल्या तर अजून नव्वदीच्या आत्या आणि मावश्या आहेत, बेळगावात, निपाणीत, खेड्यापाड्यात. त्यांना ओव्या येतात, कोण कुणाकडं दिली ते तोंडपाठ असतं, आणि त्यातल्या कितीतरी जणी कन्नड घरातनं मराठी घरात नाहीतर इकडनं तिकडं दिलेल्या, त्यांची माहेरची नावं गेली तर आपलं एकमेकांशी नातं काय होतं ते पण जाईल.

म्हणून संपादक साहेब, विनंती एकच. निधन वार्तेचा मजकूर घेताना काउंटरवर एक प्रश्न जास्त विचारा, बाईंचं माहेर कुठलं आणि माहेरचं नाव काय, आणि ती एक ओळ छापा. जागा फार जाणार नाही.

आणि वाचकांना, विशेष करून नंदगडच्या वाचकांना, माझं वैयक्तिक विचारणं आहे. माझी पणजी नंदगडची होती. पणजोबा प्लेगात गेले, गाव सोडून सगळे माळावर झोपड्यात राहत होते तेव्हा. त्यानंतर तिनं दोन पोरं घेऊन चार एकर भातशेती एकटीनं सांभाळली, 1918 च्या तापाच्या साथीत गेली. आमच्या घरात तिला सगळे नंदगडकरीण म्हणायचे, दुसरं काही कुणाला माहीत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याची खूण होती एवढं आजोबा सांगायचे. तुमच्या घरातली मुलगी त्या काळात खानापूरच्या बाजूला दिली होती आणि लवकर विधवा झाली असं कुणी म्हातारं माणूस सांगत असेल तर कृपया पेपरच्या पत्त्यावर कळवा, मी येऊन भेटेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव