चिऊ, आधी नडगी दाबून बघ

नागपूर, रविवार रात्र

प्रिय चिऊ,

गाडीत चढताना तू डावा पाय जपून टाकलास. पायाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तू पाठवलेली १९६० ची रोमची ८०० मीटरची रेस बाबांनी चारदा लावली. एकवीस वर्षांचा पीटर स्नेल, न्यूझीलंडबाहेर कुणाच्या गावीही नाही, अन् विश्वविक्रमवाल्या मोएन्सला शेवटी आतून गाठतो! १:४६.३. तुला तो शेवटचा झपाटा दिसतो. मला त्याआधीचे डोंगरातले रविवारचे पस्तीस किलोमीटर. त्याचा कोच लिडियार्ड, त्याने आधी महिनोन्महिने नुसतं लांब पळवलं, मग चढ, ट्रॅकवरचा वेग सगळ्यात शेवटी. तू सेमिनरी हिल्सचे चढ सोडले, महिनाभरात आठवड्याचे चाळीसचे पासष्ट किलोमीटर केलेस, वर स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून ३०० मीटरच्या वेगाच्या फेऱ्या, पुन्हा पुन्हा. हाडाला भरून यायला वेळ कुठे दिलास? झालं माझं लेक्चर सुरू. रागावू नकोस.

पण एवढं कर. नडगीच्या आतल्या कडेने बोट फिरव. वीतभर पट्टा दुखत असेल, वॉर्मअपनंतर सैल पडत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीची नुसती सूज-दुखी. रुपयाएवढ्या एकाच जागी हाडावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, पळणं त्याच दिवशी बंद. अशी नवी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, एमआरआय करून घे. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ हे मला सांगू नकोस.

अन् पाळी. तीन महिने झाले ना? बाबांना बोलले नाही. ‘पळणाऱ्या पोरींचं असंच असतं’ म्हणून सोडू नकोस. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी थांबते, अन् हाडंही कच्ची राहतात. डॉक्टरला हेही सांग, लाजू नकोस. डब्यात अळिवाचे लाडू आहेत, सराव झाला की अर्ध्या तासात खा. वरणावर लिंबू पीळ. जेवणावर चहा नको, लोह अंगी लागत नाही.

चौथीत चपला हातात घेऊन शाळेतून पळत यायचीस, आजी दारातून ओरडायची. तेव्हा कधी पायाकडे बघितलं नाही मी.

इंग्लंडची धावपटू केली होम्स १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये हाडाला चीर असताना पळाली, ८०० त चौथी आली. दोन्ही सुवर्णं, ८०० अन् १५००, अथेन्सला २००४ मध्ये, चौतिसाव्या वर्षी. तुला आत्ता एकोणीस.

उद्या ट्रॅकवर जायच्या आधी बोट ठेवून बघ अन् फोन कर. पाचला उठलेलीच असते मी. डबा परत आण, तो आजीचा आहे.

तुझी आई