मदत डांबरी रस्त्यावरच का थांबते?

छत्रपती संभाजीनगर,
मे २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आमच्या वेळी पोरं टिकाव-फावडी घेऊन धावायची, तुमची पिढी नुसती बोटं चालवते." फोनवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे मला मनापासून वाटते. शिवाय मृग लागायला आता फार दिवस नाहीत आणि त्याआधी एक काम तुम्हा दोघांकडून करून घ्यायचे आहे. ते कोणते, हे पुढे लिहितेच.

बाबा, किल्लारीची हकिकत मी तुमच्याकडून लहानपणापासून ऐकत आले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून रात्री उशिरा झोपलेली माणसे, आणि चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंतींसकट अंगावर कोसळलेली माळवदे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास जीव गेले. तुम्ही मित्रांबरोबर तिकडे गेलात तेव्हाची एक गोष्ट तुम्ही नेहमी सांगता: मदत भरपूर येत होती, पण ट्रक डांबरी रस्त्यालगतच्या गावांतच रिकामे होत होते. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते आणि आतल्या गावांत भाकरीचा तुकडा पोहोचला नव्हता. अशा वेळी एका एसटीच्या ड्रायव्हरने तुम्हाला थांबवून सांगितले की, अमुक गावाकडे अजून कोणीच फिरकलेले नाही, तिकडे जा. मग तुम्ही भाकरींची गाठोडी डोक्यावर घेऊन चिखलातून चालत तिकडे गेलात.

ही गोष्ट सांगताना तुमचा भर त्या चालण्यावर असतो. मला मात्र अलीकडे तो ड्रायव्हर सारखा आठवतो. त्याने टिकाव हाती धरला नाही की ढिगारा उपसला नाही. कुठे कोणी पोहोचलेले नाही हे त्याला ठाऊक होते आणि ते त्याने योग्य माणसांना योग्य वेळी सांगितले. आम्ही मोबाईलवर जे काम करतो ते, नीट केले तर, त्याचेच काम आहे.

२०२५ च्या सप्टेंबरातले पाणी आपल्याही शेतातून गेले, त्यामुळे त्याचे वर्णन मी तुम्हाला काय सांगावे. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड अशा सगळ्या पट्ट्यात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, परंड्याकडे तर माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. इथे शहरात आम्ही काही जणांनी मदत गोळा करायचे ठरवले. त्यात बहुतेक जण कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत एकत्र काम केलेलेच होते. इन्स्टाग्रामवर आवाहन टाकताच धान्य, चादरी आणि पैसे बघता बघता जमले. मोबाईलमुळे एवढे तरी खरोखर सोपे झाले आहे, आणि देणारी बहुतेक मुले माझ्याहून लहान, स्वतःच्या खर्चाचे पैसे देणारी होती, हे मुद्दाम लिहिते. अवघड प्रश्न पुढचा होता, टेम्पो न्यायचा कुठे?

त्या आठवड्यात एका गावाचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. कमरेइतक्या पाण्यातून म्हैस ओढून काढणारा एक शेतकरी त्यात दिसत होता आणि तो पाहून पुण्या-मुंबईहून निघालेली गाडी न् गाडी त्याच गावाचा पत्ता विचारत होती. गावाची गरज खरीच होती. पण थोड्याच दिवसांत तिथे बिस्किटांचे खोके ठेवायला जागा उरली नाही, आणि तिथून दोन कोसांवरच्या शेतवस्त्यांवर, जिथे रेंज नसल्यामुळे कोणी व्हिडिओ पाठवूच शकले नव्हते, तिथे चुली पेटलेल्या नव्हत्या. तुमच्या वेळी मदत डांबरी रस्त्यावर थांबली होती, आमच्या वेळी ती व्हायरल व्हिडिओपाशी थांबली. माझ्या पिढीच्या सवयींबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे की जे दिसते त्यालाच आम्ही गरज समजतो, आणि जे दिसत नाही ते शोधायला लागणारा कंटाळवाणा वेळ फार थोडे जण देतात.

तो वेळ कसा जातो, ते सांगते. आम्ही तालुक्यानुसार गावांची यादी केली आणि एकेका गावातल्या कोणाला ना कोणाला फोन करत गेलो. सरपंच, शिक्षक, किराणा दुकानदार, जो सापडेल तो. एका गावात कोणीच फोन उचलेना, तेव्हा शेवटी तिथल्या आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशा स्वयंसेविका, बोलल्या. त्यांचे शब्द माझ्या कानांत अजून आहेत: "ताई, कपडे आता पुरे करा. साड्या इतक्या आल्यात की शाळेच्या वऱ्हांड्यात ढीग लागलाय. कडबा भिजून सडला, जनावरं दावणीला उपाशी हायेत, त्यांचं बघा आधी." मग जरा थांबून आवाज खाली घेत म्हणाल्या, "आन् पोरींसाठी पॅड पाठवा. पण ते यादीत लिहू नका, यादी चावडीवर वाचत्यात." त्या एका फोनने आमच्या टेम्पोतला निम्मा माल बदलला. चाऱ्याची सोय केली, पॅडची पाकिटे वेगळ्या खोक्यात बांधून थेट आशाताईंच्या हाती दिली, आणि तेव्हापासून प्रत्येक गावात एका तरी बाईशी, आमच्यातल्या एखाद्या मुलीनेच बोलायचे असे ठरवून टाकले. आई, तुला हे वाचून नवल वाटणार नाही. तुमच्या बचत गटात कोणाच्या घरात काय कमी आहे हे न बोलता सगळ्यांना कळते. तसे ते बाहेरच्यांना कळायला कोणीतरी विचारावे लागते, इतकेच.

प्रत्येक फोननंतर एका शीटमध्ये एक ओळ भरायची: गाव, तालुका, कोणाशी बोलणे झाले, नेमकी गरज काय, बोलणे कोणत्या तारखेला आणि किती वाजता झाले. शेवटचा रकाना होता "गरज भागली". बाहेरून पाहणाऱ्याला तो सगळ्यांत बिनमहत्त्वाचा वाटेल, माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन आणि बेड कुठे मिळतील याचे संदेश देशभर फिरत होते. ज्याने ते पहिल्यांदा लिहिले त्याचा हेतू चांगलाच असणार. पण बेड भरून गेल्यावर तो संदेश मागे घेणारे कोणी नव्हते. सकाळी मोकळा असलेला बेड संध्याकाळपर्यंत शेकडो मोबाईलांवर मोकळाच राहिला, आणि दम लागलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक त्या पत्त्यावर पोहोचले की दारातून परत फिरत. तेव्हा ज्या मुलांनी रात्र-रात्र जागून एकेका नंबरावर फोन केला, "आत्ता साडेनऊला विचारले, आहे" किंवा "संपले" असे लिहिले आणि जुने संदेश काढून टाकले, त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. माझ्या दृष्टीने ती समाजसेवाच होती, आणि ती त्यांनी घरातल्या खुर्चीवर बसून केली.

खात्री न करता पुढे पाठवण्याची किंमत किती भयंकर असू शकते हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडची माणसे होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती योग्यच होती, पण बोट थांबवण्याची सवय कोणत्याही कंपनीला लावता येणार नाही. ती घराघरांतूनच लागेल, म्हणून आई, तू एखादा संदेश आल्यावर आधी मला विचारतेस याचा मला फार आधार वाटतो.

मदत देतानाच्या फोटोंविषयी बाबांनी जे सुनावले त्याच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. किराणा मालाची पिशवी हातात देऊन एखाद्या म्हाताऱ्या आजीला कॅमेऱ्याकडे पाहायला लावणे मला सहन होत नाही. वर्षानुवर्षे स्वतःच्या शेतात राबून दुसऱ्यांना धान्य पुरवलेल्या माणसाचा सगळ्यांत लाजिरवाणा दिवस अनोळखी लोकांच्या मोबाईलवर कायमचा राहतो. मात्र दुसरी बाजूही तुम्ही लक्षात घ्यावी. ज्यांनी पैसे दिले त्यांना हिशेब मागण्याचा हक्क आहे, आणि पुरात लोकांना फसवणारे खोटे क्यूआर कोडही फिरतात. म्हणून आम्ही माणसांचे फोटो काढत नाही. दुकानाचे बिल, भरलेला टेम्पो आणि खर्चाचा तक्ता यांचे फोटो टाकतो. त्याने पेजवरच्या लाइक्स घटतात हे खरे आहे, आणि पुढच्या वेळी निधी कमी जमेल अशी भीती आमच्यातल्या काहींना वाटते. तरी हा नियम बदलू नये यासाठी मी भांडत राहीन.

प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या मुलांवरही बाबांचा राग आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर पूर्ण करावे लागते, आणि तेवढ्यासाठी नाव घालणारे असतातच. पण मीही पहिल्यांदा गेले ती मैत्रिणी गेल्या म्हणून. कोण कशासाठी आले यापेक्षा कोण टिकले हे मी पाहते.

आता नकाशाविषयी, कारण तुमचे काम त्याच्याशीच संबंधित आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा सुरू झाला. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, जगभरचे स्वयंसेवक तो काढतात आणि कोणालाही तो फुकट वापरता येतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा बचाव पथकांकडे तिथल्या राजधानीचा धड नकाशाही नव्हता. शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या देशांतून उपग्रहाची चित्रे पाहून रस्ते काढले आणि थोड्याच दिवसांत तो नकाशा प्रत्यक्ष पथकांच्या हातात होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळच्या भूकंपानंतरही असेच झाले. या कामात मोठ्या भागाचे लहान लहान चौकोन पाडतात, एक जण एक चौकोन घेऊन त्यातली घरे आणि वाटा रेखाटतो, मग दुसरा कोणी ते तपासतो. मी आपल्या भागातले काही चौकोन रात्री जेवणानंतर करत असते. ओढ्याच्या काठाने जाणारी पायवाट, पत्र्याची चार घरे, विहिरीचा काळा गोल ठिपका, सगळे वरून दिसते.

नावे मात्र वरून दिसत नाहीत. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत किती वाड्या, किती तांडे, किती शेतवस्त्या असतात! सरकारी यादीत बहुधा मूळ गावाचे नाव असते. वस्ती तिथल्या एखाद्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते आणि ते नाव पंचक्रोशीबाहेर कोणाला माहीत नसते. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तेव्हापासून त्या भागात एकाच नावाची जुनी जागा आणि नवी जागा असा घोळही आहेच. पुरात अडकलेला माणूस फोनवर "अमक्याच्या वस्तीवर आहोत" असे सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ती वस्ती नदीच्या कोणत्या काठावर आहे हेच कळत नाही. बोट कुठून सोडायची हे त्यावर ठरते. संगणकापुढे बसून मी घरे रेखाटू शकते, पण कोणता ओढा आधी चढतो, कोणत्या फरशी पुलावरून पाणी जाते आणि त्यानंतर कोणती वस्ती तुटते, हे मला इथून कधीच कळणार नाही. आमच्या कामाची मर्यादा ही आहे, आणि म्हणूनच ते तुमच्याशिवाय पुरे होत नाही.

तर बाबा, माझी विनंती अशी. आपल्या गावच्या आणि शेजारच्या चार-पाच गावांच्या शिवारातल्या वाड्या, तांडे, वस्त्या, ओढे आणि पूल यांची तुम्ही म्हणता ती नावे एका वहीत लिहून ठेवा. प्रत्येकाशेजारी तिथे पावसाळ्यात कोणत्या वाटेने जाता येते तेही लिहा. पुंडलिककाकांना आणि तांड्यावरच्या नायकांना बरोबर घेतलेत तर फार बरे, कारण तांड्याची नावे त्यांच्याकडूनच बरोबर कळतील. नकाशावर फक्त जागांची नावे जातील, कोणा माणसाचे नाव किंवा फोन नंबर जाणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा.

आई, तुझ्याकडे दुसरे काम. आम्हाला प्रत्येक गावात खात्रीने फोन उचलणारी दोन माणसे हवी आहेत आणि त्यातली एक बाई हवी. आपल्या गावासाठी तू तयार असशील तर मी तुझे नाव आमच्या शीटमध्ये घालते. ती शीट आमच्या सहा-सात जणांशिवाय कोणाला दिसत नाही. पाऊस वाढला की मी किंवा माझी मैत्रीण तुला फोन करेल, तेव्हा कोणाला काय हवे आणि काय नको हे तू मोकळेपणाने सांगायचे. काय नको हेसुद्धा तितकेच स्पष्ट सांग. गटातल्या आणखी एक-दोघी तयार झाल्या तर शेजारच्या गावांचीही सोय होईल.

मी जूनच्या पहिल्या रविवारी घरी येते आहे. वही तोवर अर्धी झाली असली तरी चालेल. उरलेल्या वस्त्या आपण दोघे गाडीवरून फिरून पाहू आणि तिथल्या तिथे नकाशावर टाकू. आई, येताना तुझ्या मोबाईलची नवी बॅटरी घेऊन येते, फोन मधेच बंद पडून चालणार नाही. बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी. आजीला माझा नमस्कार सांगावा.

तुमची,
लेक