बशीएवढं कासव

महोदय,
नातवाच्या हट्टापायी लाडवाएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव आणलं. ‘काचेच्या वाडग्यात एवढंच राहतं,’ इति दुकानदार. चार वर्षांत ते बशीएवढं झालंय, अजून वाढेल! आता तीन फुटी टाकी, फिल्टर, अंग सुकवायला पाण्याबाहेर विटेचा ओटा आणि त्यावर यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा. हा दिवा नसेल तर पाठ मऊ पडते. खिडकीतल्या उन्हावर मी विसंबले होते, पण काच ते किरण अडवते. शेजारी म्हणतात, ‘मासुंदा तलावात सोडा.’ अहो, ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. इथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावेल. विकतानाच दुकानदारांनी हे सांगायला नको का?
— एक आजी, ठाणे