उहुराच्या खुर्चीबद्दल

पुणे

प्रिय अनिकेत,

सप्रेम नमस्कार.

श्रुतिकेचे दोन्ही भाग वाचले. वैदेहीला तू यानाची संदेश अधिकारी केलंस आणि सोबत लिहिलंस, की ती 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेतल्या संदेश अधिकारी उहुरासारखी व्हायला हवी. कुठल्या भागातली उहुरा, ते आधी ठरव. १९६६ ते १९६९ या काळातल्या मूळ मालिकेचे भाग ७९. त्यांपैकी ज्यांत ती दिसते, त्यांतही बहुतेक वेळा तिच्या वाट्याला एकच काम आहे: कानात ते चंदेरी यंत्र, कॅप्टनकडे वळून संपर्क खुला झाल्याचं सांगणं आणि पुन्हा पाठमोरं बसणं. त्या बसण्यातही रुबाब दिसतो, पण तो ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्सचा. पटकथेत तो लिहिलेला नाही.

सगळी मालिका बघत बसू नकोस. १५ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर १९६७ या लागोपाठच्या चार शुक्रवारी दाखवलेले चार भाग बघ, त्याच क्रमानं. बाईचं पात्र कसं वाया जातं आणि कधी जात नाही, दोन्ही त्यांत सापडतं.

पहिला 'अमॉक टाइम'. परिचारिका चॅपल यानावरच्या परग्रही अधिकाऱ्यासाठी, स्पॉकसाठी, त्याच्या ग्रहावरचं सूप करून नेते, तो वाडगा भिंतीवर फेकतो. पुढे तोच तिच्याकडे सूप मागतो, आणि तिचा धागा तिथेच संपतो. ही बाई जैवसंशोधनातलं काम सोडून यानावर आली आहे, हे आदल्या सीझनमध्ये सांगून झालंय. पण त्या शिक्षणाचा या भागात काही उपयोग नाही, उपयोग फक्त तिच्या एकतर्फी प्रेमाचा. आता त्याच भागातली स्पॉकची वाग्दत्त वधू टी'प्रिंग बघ. ती येते अगदी शेवटच्या टप्प्यात, बोलते मोजकंच. स्पॉकशी लग्न नको म्हणून ती द्वंद्वाची मागणी करते आणि आपल्या बाजूनं लढायला आपल्या प्रियकराऐवजी, स्टॉनऐवजी, यानाच्या कॅप्टनला, कर्कला निवडते. कर्क जिंकला तर त्याला ती नकोच असणार; स्पॉक जिंकला तर तिनं आव्हान दिलं म्हणून तो तिला सोडणार; न सोडता निघून गेला, तरी त्याचं नाव आणि मालमत्ता तिच्याकडे राहणार आणि स्टॉन तर आहेच. तिन्ही वाटांनी तिचंच साधतं. सगळी लढत या एका निवडीवर उभी आहे.

म्हणजे या लेखकांना निर्णय घेणारी बाई लिहिता येत होती. ती त्यांनी पाहुणीला दिली. पाहुणी पुढच्या आठवड्यात परत येत नाही, त्यामुळे तिच्या हातून काही उलथापालथ झाली तरी मालिकेची घडी विस्कटत नाही. यावर तू म्हणशील, कायमच्या पात्रांना फार बदलता येत नाही, हा त्या काळच्या टीव्हीचा नियमच होता. होता. पण याच भागात स्पॉकला घर, रीतिरिवाज, वाग्दत्त वधू, सगळं एकदम मिळतं आणि ते पुढे टिकतं. नियम सैल करायचा तेव्हा कोणासाठी करायचा, हे ठरलेलं होतं.

दुसरा, 'हू मोर्न्स फॉर ॲडोनेइस?'. सुरुवातीलाच कर्क आणि डॉक्टर मॅकॉय लेफ्टनंट पॅलामसबद्दल बोलतात: एक दिवस तिला योग्य पुरुष भेटेल आणि ती नोकरी सोडून जाईल. ही बाई पुरातत्त्व आणि मानवशास्त्राची जाणकार! ग्रीक देव म्हणवणारा प्राणी समोर उभा राहतो, तेव्हा खरं तर तिच्याइतकं उपयोगी माणूस यानावर दुसरं नाही. तिला मिळतं काय, तर गुलाबी झगा आणि प्रेमप्रकरण.

पण याच भागात वर यानावर एक छोटा प्रसंग आहे, तो दोनदा बघ. शक्तिक्षेत्रामुळे खाली उतरलेल्यांशी संपर्क तुटलाय. उहुरा आपल्या कन्सोलखालचं पॅनल उघडून, हातात अवजार घेऊन पर्यायी सर्किट जोडते आहे. असलं काम कित्येक वर्षांत केलं नाही, असं ती म्हणते. स्पॉक सांगतो, हे करायला तिच्याहून लायक कोणी त्याला सुचत नाही. मिनिटभराचाच प्रसंग, पण तो चालतो, कारण अडचण तिच्या कामातली आहे, ती तिच्याच हातानं सुटणार आहे, आणि सुटली नाही तर खालची माणसं अडकणार आहेत. पात्राला 'कणखर' म्हणून दाखवायची धडपड कुठेच नाही.

तिसऱ्या भागात, 'द चेंजलिंग'मध्ये, सगळं पाण्यात जातं. उहुरा गुणगुणते, नोमॅड नावाच्या यंत्राला ते उमगत नाही आणि ते तिची सगळी स्मृती पुसून टाकतं. वर तिचे विचार गोंधळलेले होते, असा शेराही मारतं. त्यावर स्पॉकचं उत्तर एवढंच, की ती बाई आहे. प्रेक्षकांनी इथे हसावं अशी अपेक्षा. मग तिला मुळाक्षरांपासून वाचायला शिकवतात आणि भाग संपता संपता मॅकॉय कळवतो, ती कॉलेजच्या पातळीपर्यंत आली आहे. विचार कर, एका माणसाचं सगळं आयुष्य पुसलं गेलं. आई, गाव, मित्र यांतलं काय परत आलं? कोणी विचारत नाही. पुढच्या शुक्रवारी ती आपल्या खुर्चीत हजर.

तो पुढचा शुक्रवार म्हणजे 'मिरर, मिरर', आणि तिथे तिला मूळ मालिकेतलं बहुधा सर्वांत चांगलं काम मिळालंय. चौघं जण दुसऱ्या, क्रूर विश्वातल्या यानावर अडकलेत. परतायचं तर यानाची वीज वळवायला हवी, आणि तसं केलं की त्या विश्वातल्या सुलू या अधिकाऱ्याच्या सुरक्षा फलकावर खूण उमटणार. नेमक्या त्या क्षणी त्याची नजर फलकावरून हटवणं हे उहुराचं काम. आधी तिला भीती वाटते, तरी ती जाते. त्याला जवळ येऊ देते, मग थोबाडीत देऊन सुरा काढते. पुढे वाट अडवणाऱ्या, त्याच विश्वातल्या मार्लेनाच्या हातातलं शस्त्रही तीच काढून घेते. लाडीगोडीचा आधार घेतलाय, हे खरं. पण वेळ साधायची ती तिनं, आणि चुकली तर चौघंही गेले.

आता हे असं का व्हायचं? भाग वेगवेगळे लेखक लिहीत. बाहेरच्या लेखकाला कर्क आणि स्पॉक नीट जमले की त्याचा भाग उभा राही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत शॅटनर (कर्क) आणि निमॉय (स्पॉक), दुसऱ्या सीझनपासून त्यांच्या जोडीला डीफॉरेस्ट केली (मॅकॉय). बाकीच्यांची नावं शेवटी. लेखकासाठी ही पाटीच पुरेशी होती. उरलेली पात्रं पदानं ओळखली जायची, आणि संदेश अधिकारी हे पद लेखकांनी नळासारखं वापरलं: एका बाजूनं बातमी आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर.

त्याआधीचा इतिहास आणखी बोलका आहे. 'द केज' या पहिल्या, नेटवर्कनं नाकारलेल्या भागात यानाची कॅप्टननंतरची अधिकारी एक बाई होती, नंबर वन. शांत, थंड डोक्याची. मालिका पुन्हा उभी राहिली तेव्हा तिचं थंड डोकं आणि तिचं पद दोन्ही स्पॉककडे गेलं, आणि ती भूमिका करणाऱ्या मॅजेल बॅरेटला चॅपलचा सोनेरी टोप मिळाला. यानाच्या संगणकाचा आवाजही तिचाच. कित्येक भागांत संगणकाला चॅपलपेक्षा जास्त माहिती असते, हा मला नेहमी क्रूर विनोद वाटतो. कॅप्टनची मदतनीस योमन रँड तर पहिला सीझन अर्धा होतो न होतो तोच गायब होते, निरोपाचा प्रसंगही नाही.

गोरा कर्क आणि कृष्णवर्णीय उहुरा यांच्या १९६८ च्या त्या गाजलेल्या चुंबनाचं फार कौतुक होतं. व्हावंच, त्या काळच्या अमेरिकेत पडद्यावर तेवढंही मोठं होतं. पण पटकथा म्हणून बघ: कर्क आणि उहुरा दोघांनाही परग्रहावरचे लोक मनःशक्तीनं कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचवताहेत. तिथेही निवड तिची नाहीच. तिला यानाची सूत्रं मिळाली ती १९७३ मध्ये, ॲनिमेशन मालिकेच्या 'द लोरेलाय सिग्नल' या भागात. तो मार्गारेट आर्मेननं लिहिलाय, आणि त्यात यानावरचे पुरुष निकामी झाल्याखेरीज खुर्ची रिकामी होत नाही.

ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेनं १९७० साली वेगळीच चूक केली. लिझ शॉ ही केंब्रिजची शास्त्रज्ञ. चार कथा, २५ भाग, आणि संपलं. निर्माते बॅरी लेट्स यांना वाटलं, की हिला फार कळतं. मालिकेच्या नायकाला, डॉक्टरला, 'म्हणजे काय?' असं विचारणारं कोणीतरी हवं, नाहीतर प्रेक्षकांना समजावायचं कसं? नव्या सीझनमध्ये डॉक्टरचा लष्करी सहकारी ब्रिगेडियर एका वाक्यात सांगतो की ती केंब्रिजला परत गेली, आणि तिचंच मत ऐकवतो: डॉक्टरला परीक्षानळ्या हातात देणारी आणि 'तुम्ही किती हुशार' म्हणणारी कोणीतरी पुरे. तिच्या जागी आलेली जो ग्रँट विज्ञान शिकलेली आहे, पण पास झाले असं मी कुठे म्हटलं, असं तीच म्हणते. जो मला आवडते, पण लिझचं जे केलं ते आळशीपणाचं होतं. गंमत म्हणजे 'इन्फर्नो' कथेत समांतर जगातली लिझ गणवेशात येते, आणि शेवटी आपल्याच वरिष्ठावर गोळी झाडून डॉक्टरची वाट मोकळी करते. उहुराला आणि लिझला काही करू द्यायचं, तर आधी विश्व बदलावं लागत होतं!

लिझच्या बाबतीतली अडचण खरी आहे, आणि ती तुलाही येणार. श्रोत्याला माहिती द्यायची तर अडाणी प्रश्न विचारणारं पात्र लागतं, असं वाटतं. लागत नाही. दोन जाणकारांना भांडू दे. तुझ्या दुसऱ्या भागात कॅप्टन विचारतो, 'सिग्नल इतका कमजोर का?' आणि वैदेही पाठ केल्यासारखं उत्तर देते. त्याऐवजी अभियंता म्हणू दे, की अँटेना सरकली आहे. ती म्हणू दे, की अँटेना ठीक आहे, सूर्य आड येतोय. दोघांचा पुरावा ऐकता ऐकता श्रोत्याला सगळं कळतं, आणि तिचं म्हणणं खरं ठरलं तर पुढचं पाऊल तिच्या शब्दावर पडतं.

तुझ्याकडे तर असं काही आहे, जे उहुराच्या लेखकांनी हातातून घालवलं. त्यांच्या यानावर कॅप्टन ॲडमिरलशी समोर बसल्यासारखा बोलू शकत होता, त्यामुळे ती फक्त जोडणी करून द्यायची. तुझं यान मंगळाच्या वाटेवर आहे. मंगळाजवळ पोचल्यावर संदेशाला एका बाजूनं ३ ते २२ मिनिटं लागतात. समजा, १४ मिनिटं धरली. प्रश्न पाठवून उत्तर यायला २८. मधल्या वेळात पृथ्वीवरचं केंद्र जे सांगेल ते शिळं असणार, आणि ते किती शिळं आहे हे वैदेहीइतकं कोणालाच कळत नाही. बंगळुरूजवळ ब्यालालूला इस्रोची ३२ मीटरची अँटेना आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे एका ठिकाणाहून संपर्काची खिडकी ठरावीक तासांचीच. त्या खिडकीत आधी काय पाठवायचं: इंजिनाचे आकडे, डॉक्टरचा अहवाल की घरची पत्रं? हा क्रम ती लावते. आणि साधारण २६ महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मधे येतो, तेव्हा सुमारे दोन आठवडे मंगळयानांना आज्ञा पाठवणं थांबवतात, कारण अर्धवट पोचलेली आज्ञा न पोचलेल्या आज्ञेपेक्षा घातक. तुझा तिसरा भाग याच दोन आठवड्यांत घाल. तुटकतुटक संदेश येतोय, त्यातले कुठले शब्द विश्वासाचे, ते वैदेहीनं ठरवायचं, आणि कॅप्टनला तिच्या ठरवण्यावर इंजिन चालू करायचंय.

लिहून झालं की लाल पेन घेऊन तिचे संवाद तपास. नुसती बातमी पोचवणाऱ्या वाक्याखाली एक रेघ, कॅप्टनचं वाक्य उलटून म्हणणाऱ्याखाली दोन. ते वाक्य यानाच्या संगणकाला देऊन प्रसंग पुन्हा वाच. काही बिघडलं नाही, तर देऊनच टाक त्याला. तिच्याकडे कमी वाक्यं उरली तर उरू देत. मात्र श्रुतिकेत पाठमोरं बसण्याची सोय नाही. दोन मिनिटं जी बोलत नाही, ती श्रोत्यासाठी खोलीतून निघून गेलेली असते. म्हणून तिच्या बटणांचा, हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज ठरवून ठेव आणि शांत प्रसंगांतही तो मधूनमधून येऊ दे.

आणखी एक. पहिल्या भागात अपघातात तिचा हात भाजतो, दुसऱ्यात ती टकटक टंकलेखन करते आहे. एकतर हात बरा व्हायला वेळ दे, नाहीतर भाजूच नकोस. 'द चेंजलिंग'नंतरचा शुक्रवार आठव.

तिसऱ्या भागाचा खर्डा तयार झाला की पाठव, अर्धा असला तरी चालेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मृदुला